नंबर लागेल का?

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दोन प्रकारची माणसे येतात. पहिली पेढे घेऊन येतात आणि दहा मिनिटांत जातात. दुसरी सायबर कॅफेतून काढलेल्या गुणपत्रिकेची घडी हातात धरून कोपऱ्यात उभी राहतात, गर्दी ओसरली की जवळ येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "सर, इसका नंबर लगेगा ना?" पुण्यात भवानी पेठेपासून कोंढव्यापर्यंत उर्दू माध्यमाच्या कोणत्याही शिक्षकाला हा प्रश्न नवा नाही. आम्हीही तो अनेक वर्षे ऐकत आलो आणि त्याचे उत्तर देत आलो. ते उत्तर देण्याचा आम्हाला अधिकार काय, हा विचार मात्र फार उशिरा सुचला.

वरवर पाहता हे वजाबाकीचे काम आहे. मुलाला पाचशेपैकी इतके गुण आहेत, अमुक महाविद्यालयाची यादी गेल्या वर्षी तितक्या गुणांवर थांबली होती, फरक काढा आणि सांगा. बी.एड.ला मूल्यमापनाचा विषय आम्ही मन लावून शिकलो. चाचणीची वैधता, विश्वसनीयता, वारंवारता सारणी, सरासरी, प्रमाण विचलन हे सगळे झाले. पण समोर बाप उभा आहे, त्याने आज कामाचा खाडा केला आहे, मुलगी त्याच्या मागे ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत उभी आहे, अशा वेळी काय सांगायचे, यावर एकही पाठ झाला नाही.

२०१९ सालची गोष्ट सांगतो. त्या वर्षी दहावीच्या भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलीला ५०० पैकी ४२१ गुण मिळाले. तिला विज्ञान शाखेला जायचे होते आणि तेही डेक्कनच्या बाजूच्या एका जुन्या महाविद्यालयात. विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने ती एकदा तिथे गेली होती आणि तिथले ग्रंथालय पाहून आली होती. ते तिच्या मनात घर करून बसले होते. वडील लाकूडबाजारात टेम्पो चालवत. त्यांनी सगळे आमच्यावर सोपवले. "आप जो बोलेंगे वही लिखेंगे."

आम्ही २०१८ ची यादी उघडली. त्या महाविद्यालयाची खुल्या वर्गाची यादी ४३७ वर थांबली होती. सोळा गुण कमी. आम्ही मान हलवली आणि म्हटले, "बेटा, पहिली पसंती वाया घालवू नकोस. घराजवळचे कॉलेज पहिले लिही, ते नक्की मिळेल." तिने क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि मग मुकाट्याने लिहिले. जे हवे होते ते तिने दुसऱ्या क्रमांकावर टाकले. यादी लागली, तिला पहिली पसंती मिळाली. त्याच दिवशी ते डेक्कनचे महाविद्यालय ४१९ वर थांबल्याचे आम्ही वाचले.

साऱ्या राज्याचेच गुण उतरले तर यादीही उतरणार, एवढे गणित सातवीच्या मुलाला समजते. आम्हाला ते त्या दिवशी सुचले नाही. पण ही चूक लहान. मोठी चूक निराळी होती आणि ती समजायला आणखी काही महिने गेले. ती इथे सविस्तर लिहितो, कारण आजही अर्धे पुणे तीच करते.

अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात संगणक गुणवत्ता यादीतल्या प्रत्येकाला वरून खाली क्रमाने घेतो. त्याने पहिले लिहिलेले महाविद्यालय शिल्लक आहे का ते पाहतो. नसेल तर दुसरे, मग तिसरे. तुम्ही कोणाला कितव्या क्रमांकावर लिहिले यावरून कुठलेही महाविद्यालय रुसत नाही. दुसऱ्या पसंतीच्या दारात तुम्ही तुमच्या गुणांनिशीच उभे असता, आधी दुसऱ्या दाराशी जाऊन आलात म्हणून रांगेत मागे जात नाही. म्हणजे अवघड महाविद्यालय पहिले लिहिण्याने काहीही वाया जात नाही. वाया जाते ते सोपे पहिले लिहिण्याने. कारण पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, नाही घेतली तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाद. आम्ही ज्याला शहाणपण समजत होतो ते नेमके उलटे होते. त्या मुलीला काही न सांगता तिच्या मनासारखे लिहू दिले असते तर ती तिथे पोचली असती. तिच्या आणि त्या ग्रंथालयाच्या मध्ये आमच्याशिवाय कोणी उभे नव्हते.

ती पेढे घेऊन आली होती. पुढे चांगली शिकली, आजही ईदला सलाम करून जाते. ते ४१९ गुण तिला ठाऊक आहेत की नाही, हे आम्ही कधी विचारले नाही आणि आपणहून सांगितलेही नाही.

आता खरा प्रश्न. आम्ही इतक्या खात्रीने मान का हलवली? नियम माहीत नव्हता, हे अर्धे उत्तर झाले. दुसऱ्या एखाद्या मुलासाठी, एखाद्या वकिलाच्या किंवा प्राध्यापकाच्या मुलासाठी, आम्ही इतक्या लवकर वही मिटली असती का? प्रामाणिकपणे सांगायचे तर नाही. त्या सोळा गुणांच्या वजाबाकीत आम्ही आणखी बरेच काही गुपचूप वजा केले होते. भवानी पेठेतून लकडी पुलापलीकडे जायला दोन बस. बुरखा घालून वर्गात बसणारी ती एकटी असेल. इंग्रजी कच्चे, मराठी त्याहून कच्चे. वडिलांनी मध्येच लग्न ठरवले तर? यातले काहीही गुणपत्रिकेवर नव्हते. तिने विचारले होते, मला मिळेल का? आम्ही मनात उत्तर देत होतो, तुला झेपेल का, आणि त्याहून खाली, तुला शोभेल का? आपल्या भाषेत शक्यता, पात्रता आणि ऐपत असे तीन वेगळे शब्द आहेत. गरिबाच्या मुलाशी बोलताना मात्र ते एकमेकांत असे मिसळतात की बोलणाऱ्यालाही कळत नाही. ऐपतीचे उत्तर शक्यतेच्या नावाने दिले जाते आणि आकडा समोर असल्यामुळे ते खरे वाटते.

एवढे लिहून थांबलो तर लेख सोपा होईल. प्रत्येक मुलाला म्हणा, उड्या मार, आकाश तुझे आहे. पण आम्ही तेही करून पाहिले आहे. या मुलीच्या दोन वर्षे आधी असाच एक मुलगा होता. गुण बरे, हिंमत दांडगी. आम्ही पाठ थोपटली, नावाजलेल्या महाविद्यालयात विज्ञानाला घातले. उर्दू माध्यमात तो 'जियाई तालीफ' आणि 'इसराअ' शिकला होता. मराठीतला विद्यार्थी 'प्रकाशसंश्लेषण' आणि 'त्वरण' म्हणतो, त्याचीही अकरावीत पंचाईत होते, पण त्याला निदान वर्गात शेजारी विचारायला कोणी असते. आमच्या मुलाला सगळे येत होते आणि काहीच ओळखू येत नव्हते. फळ्यावर जे चालले आहे ते आपण मागच्याच वर्षी शिकलो, हे त्याला दिवाळीपर्यंत उमगले नाही, आणि दिवाळीनंतर तो गेलाच नाही. आज मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, चार पैसे बरे मिळवतो, भेटला की चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. त्याचा नंबर लागेल, हे आमचे भाकीत शंभर टक्के खरे ठरले होते. त्याच्या काही उपयोगी पडले नाही. त्याला प्रवेशापेक्षा सुट्टीतले दोन महिने हवे होते, कोणीतरी रोज तासभर बसून त्या शब्दांचे इंग्रजी त्याच्या हाती द्यायला हवे होते. ते कोणीतरी म्हणजे आम्हीच. त्या उन्हाळ्यात आम्ही उत्तरपत्रिका तपासत होतो आणि मग गावी गेलो.

तेव्हा आशा दाखवणे हाच धर्म आणि वास्तव सांगणे हे पाप, अशी वाटणी आम्हाला करता येत नाही. दोन्ही वेळा आम्ही बोललो आणि मोकळे झालो. दोन्ही वेळा किंमत दुसऱ्याने मोजली.

आपल्याकडे या पेचातून सुटायला एक हुकमी शब्द आहे, इन्शाअल्लाह. किती वेळा आम्ही तो उच्चारला असेल! मूळचा हा शब्द नम्रतेचा. उद्याचे ज्ञान माणसाकडे नाही, गैब अल्लाहलाच ठाऊक, ही कबुली त्यात आहे. पण रोजच्या वापरात त्याचे काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. सुताराने "इन्शाअल्लाह जुम्मे को" म्हटले की गिऱ्हाईक समजते, जुम्म्याला काही होत नाही. शिक्षकाने "इन्शाअल्लाह हो जाएगा" म्हटले की बाप समजतो, होणार नाही, सर तोंडावर बोलत नाहीत. नकार द्यायला आम्ही अल्लाहचे नाव पुढे करतो आणि आपण मागे लपतो. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी तो बांधायला सांगितले, ही हदीस आमच्या पाचवीच्या मुलांनाही सांगता येते. नियमाचे पुस्तक नीट न वाचता पसंतीक्रम सांगणे म्हणजे दुसऱ्याचा उंट मोकळा सोडून त्याला भरवशाचे प्रवचन देणे.

सगळे आधीच ठरलेले असेल तर माणूस जबाबदार कसा, हा वाद आपल्या विचारवंतांत हिजरीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापासून चालला. जबरिया म्हणाले, माणसाच्या हाती काही नाही. कदरिया म्हणाले, करणारा तोच. पुढे इमाम अशअरींनी मधली वाट काढली. कृती अल्लाह निर्माण करतो, माणूस ती कमावतो. या कमावण्याला त्यांनी शब्द वापरला 'कस्ब'. हाच शब्द आपल्या मराठीत 'कसब' होऊन आला आणि इथे त्याचा अर्थ झाला हातातले कौशल्य. धर्मशास्त्राच्या खोलात जाण्याची आमची योग्यता नाही. पण हा शब्दाचा प्रवास आम्हाला आवडतो. निकाल काय लागणार ते आमच्या हाती नाही. आमच्या भागाला येते ते कसब, आणि नियम वाचणे, इंग्रजी शब्द शिकवणे, दाखल्यासाठी तहसील कचेरीत बरोबर जाणे हे सगळे त्यात येते.

आकड्यांचीही एक गंमत आहे, खरे तर गंमत नाही. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या वर्गात दर पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुसलमान आणि पदव्युत्तर वर्गात दर पन्नासांमागे एक, असे त्यात नोंदवले आहे. आमच्यासारख्यांनी हा आकडा किती भाषणांत वापरला असेल! तो व्यवस्थेवरचा आरोप म्हणून आम्ही वाचला आणि टाळ्या घेतल्या. निकालाच्या दिवशी तोच आकडा आमच्या डोक्यात तराजू होऊन बसतो. पंचविसात एक, म्हणजे ही मुलगी बहुधा उरलेल्या चोविसांच्या बाजूची नव्हे, अशी ती अंधूक बेरीज असते. ज्या आकड्याने व्यवस्थेला जाब विचारायचा, त्याच आकड्याने आम्ही लेकराचे भविष्य वर्तवतो. आकडा खोटा नाही. पण तो मोजल्या गेलेल्यांविषयी आहे. समोर ओढणीचे टोक गुंडाळत उभी आहे ती अजून मोजली जायची आहे. तिला आम्ही परत पाठवले तर पुढच्या समितीला तोच आकडा मिळेल, आणि तो आमच्या हातचा असेल.

शिवाजीनगरच्या वेधशाळेने पावसाचा अंदाज दिला तर ढग तो ऐकत नाहीत. शिक्षकाचा अंदाज मुले ऐकतात. १९६८ साली रोझेन्थाल आणि जेकबसन या दोघांचे पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले, बी.एड.च्या मानसशास्त्रात ते सगळ्यांना एका परिच्छेदात शिकवतात. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना काही मुलांची यादी देऊन सांगितले गेले की ही मुले यंदा झपाट्याने पुढे जातील. प्रत्यक्षात नावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीच्या वर्गांत त्या मुलांची प्रगती इतरांपेक्षा अधिक दिसली. परिणाम सांगितला तेवढा मोठा नाही, असे आक्षेप पुढे बऱ्याच अभ्यासकांनी घेतले आणि ते ध्यानात ठेवलेच पाहिजेत. आम्हाला मात्र त्या पुस्तकापेक्षा आमचाच वर्ग पुरेसा पुरावा वाटतो. "तू कॉमर्सच घे" असे आठवीत ऐकलेला मुलगा नववीत विज्ञानाच्या तासाला खिडकीबाहेर पाहू लागतो. मग आम्हीच म्हणतो, बघा, आमचा अंदाज बरोबर निघाला.

२०२१ साली तर आम्हाला अंदाज करायचा नव्हता, गुणच द्यायचे होते. कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीच्या निकालाचे पन्नास, दहावीच्या अंतर्गत परीक्षांचे तीस आणि तोंडी-प्रात्यक्षिक वगैरेंचे वीस, अशा शंभरांच्या हिशोबाने शाळांनी मूल्यमापन करायचे ठरले. त्यातही या मुलांची नववीची वार्षिक परीक्षा २०२० च्या टाळेबंदीत झालीच नव्हती, नववी म्हणजे तिचे पहिले सत्र. तोंडाला मुखपट्टी बांधून, खिडक्या उघड्या ठेवून आम्ही शिक्षकांच्या खोलीत तक्ते भरत बसलो. मंडळाने निकाल जाहीर केला तो १६ जुलैला, ९९.९५ टक्के. अकरावीसाठी वेगळी सामाईक परीक्षा २१ ऑगस्टला घ्यायचे सरकारने ठरवले होते, ती मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला रद्द केली. म्हणजे आम्ही खोलीत बसून जे लिहिले तेच शेवटचे.

त्या दिवसांत आम्हाला सूरह मुतफ्फिफीन वारंवार आठवे. घेताना माप भरून घेणारे आणि देताना कमी देणारे, त्यांच्या नाशाची ती सूरह. लहानपणी वाटे, ही किराणा दुकानदारांसाठी आहे. आमच्या मुलाला प्रात्यक्षिकात दोन गुण वाढवून दिले तर त्यात वाईट काय? गरीब आहे, लायक आहे, बाप कोरोनाने गेला आहे. पण गुणवत्ता यादी ही एकच रांग आहे. इथे वाढवलेले दोन गुण कुठेतरी, पर्वतीच्या किंवा येरवड्याच्या एखाद्या महापालिका शाळेतल्या, आम्ही कधी न पाहिलेल्या मुलाच्या मापातून गेलेले असतात. त्याचा बापही गेलेला असू शकतो. दयेला चेहरा लागतो, आणि जो समोर नाही त्याला चेहरा नसतो.

म्हणून आम्ही नोंदीत होते तेवढेच लिहिले. आणि त्यामुळेच एका मुलाचे नुकसान झाले. नववीच्या पहिल्या सत्रात त्याला कावीळ झाली होती, गुण पन्नाशीच्या घरात. दहावीत तो मोबाइलच्या पाच इंची पडद्यावर शिकून वर्गात पहिल्या तिघांत आला होता. सूत्राप्रमाणे त्याच्या वाट्याला ६४ टक्के आले. आम्हाला ठाऊक होते की परीक्षा झाली असती तर तो ऐंशीच्या पुढे गेला असता. ठाऊक होते, पण ते मापात बसत नव्हते. आम्ही माप खरे ठेवले आणि माणूस खोटा मोजला. आज पुन्हा तीच वेळ आली तर काय करू? बहुधा तेच करू. पण त्यानंतर आम्ही निकालाच्या बाबतीत 'न्याय' हा शब्द जरा जपून वापरतो.

मराठीत परीक्षेतल्या आकड्याला आपण 'गुण' म्हणतो आणि माणसाच्या अंगच्या चांगल्या गोष्टीलाही 'गुण'च म्हणतो. भाषेनेच हा घोटाळा करून ठेवला आहे. उर्दूत आम्ही 'नंबर' म्हणतो. तो शब्द कोरडा आहे, पण निदान तो काही जास्तीचे सांगत नाही. ६४ नंबर मिळालेला मुलगा ६४ गुणांचा नसतो, हे उर्दूत सांगणे सोपे जाते.

दाखल्यांविषयीही दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण नंबर लागण्या-न लागण्याचे अर्धे रहस्य तिथे आहे. बागवान, अत्तार, तांबोळी, मन्सुरी-पिंजारी अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. पण दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात मास्तरांनी 'मुसलमान' एवढेच लिहिलेले असते. त्या मास्तरांना काय ठाऊक की एका शब्दाच्या आळसाची किंमत नातीला मोजावी लागेल! २०१४ साली मुस्लिमांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, नोकऱ्यांपुरता उच्च न्यायालयाने तो थांबवला, शिक्षणातले आरक्षण तूर्त राहू दिले, आणि डिसेंबरात मुदत संपून तो अध्यादेशच संपला. त्यामुळे आज जुन्या नोंदी शोधणे याला पर्याय नाही. हे समजावून सांगताना एका पालकाने आम्हाला ऐकवले, "सर, हमको खैरात नहीं चाहिए, बच्ची अपने दम पे जाएगी." त्याच्या स्वाभिमानाचा आम्हाला आदरच आहे. पण खासगी शिकवणीला वर्षाला लाखभर रुपये भरून आलेले गुण 'अपने दम पे' समजायचे आणि आजोबांच्या हक्काचा कागद खैरात समजायची, हा हिशोब कोणी शिकवला? आम्ही त्यांना एवढेच म्हटले की कागद काढून ठेवा, वापरायचा की नाही ते तिला ठरवू द्या. ते काढायला गेले. सहा महिने लागले, तो भाग वेगळा.

इथे पुण्याचा लेखक फातिमा शेख यांचे नाव घेतो आणि लेख संपवतो. आम्हाला तेवढे सोपे वाटत नाही. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ ला नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेचा उल्लेख येतो, आपण आजारी असल्याने शाळेचा भार तिच्यावर पडत असेल, अशा काळजीने. आम्हाला त्या पत्रातली तेवढीच काळजी पुरते. कोणाची शक्यता किती, याचा हिशोब त्यात नाही. शाळा चालू आहे ना आणि चालवणारी दमली तर नाही ना, एवढीच विचारपूस आहे.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२५ साली, अकरावीचा ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच साऱ्या राज्याला लागू झाला. निकाल १३ मेला लागला, २१ मेला संकेतस्थळ उघडले आणि लगेच बसले, अर्ज भरणे सुरू व्हायला २६ उजाडली. पहिली यादी लागता लागता २८ जून झाला. या सगळ्या गोंधळात आमच्याकडे ४४६ गुणांची एक मुलगी आली, सोबत वडील. तिला लकडी पुलापलीकडचेच महाविद्यालय हवे होते. वडिलांनी तोच जुना प्रश्न विचारला.

या वेळी आम्ही आधी नियम वाचून दाखवला. रेशनच्या रांगेचे उदाहरण देऊन पसंतीक्रम समजावला. मग तीन वर्षांच्या याद्या समोर ठेवल्या आणि सांगितले, तुझे गुण या तिन्ही आकड्यांपेक्षा कमी आहेत, त्यामुळे पहिल्या फेरीत मिळण्याची आशा फार थोडी आहे, पण पहिले लिहिल्याने तुझे काही जात नाही. वडील घाबरले, "पहला ही गलत पड़ गया तो?" त्यांना पुन्हा रेशनची रांग सांगितली. मुलीने दहाच्या दहा पसंत्या स्वतः भरल्या. आम्ही पेन खिशातच ठेवले होते. सुट्टीतले दोन महिने ती आणि आणखी पाच जणी रोज सकाळी शाळेत येत होत्या, आम्ही त्यांना 'इसराअ'चे इंग्रजी करून देत होतो. आम्हालाही काही शब्द नव्याने पाठ करावे लागले.

पहिल्या यादीत तिला चौथी पसंती मिळाली. पहिली नव्हती, म्हणजे ती नाकारून पुढच्या फेरीची वाट पाहायची मोकळीक होती. पण पुढे काय होईल याची कोणी हमी देत नव्हते. दुपारी ती व्हरांड्यात आली, कोपऱ्यात उभी न राहता सरळ टेबलाशी.

"सर, रुकूं क्या?"

आम्ही तिच्यापुढे पहिल्या फेरीचे आकडे ठेवले. वरच्या तिन्ही महाविद्यालयांत यादी कुठे थांबली, गेल्या वर्षी पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत किती फरक पडला होता, सगळे. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आप क्या बोलते?"

"आम्ही काही बोलत नाही," आम्ही म्हटले, "तू आधी सांग."

तिने आमच्याकडे हात पुढे केला, पेन मागितले आणि कागद उलटा करून स्वतःच वजाबाकी मांडायला घेतली.